रियाधला फॅमिलीसाठी कंपाउंड घ्यावं का? राहून झाल्यावरचा रिव्ह्यू

रियाधला बदली झालीय, मुलंबाळं घेऊन जायचंय, कंपाउंड बघू की बाहेर फ्लॅट घेऊ, हे मला आता इतक्या जणींनी विचारलंय की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते. आम्ही चौघं. नवरा प्रोजेक्टवर, मी नाशिकला बँकेत होते ती नोकरी सोडून आले, मुलगी चौथीत, मुलगा केजीत. राहतो पूर्व रियाधला, ग्रॅनाडा-इशबिलियाच्या पट्ट्यात, एका मध्यम दर्जाच्या कंपाउंडमध्ये. नाव देत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि अजून तिथेच राहतोय. पाचपैकी चार स्टार देईन. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

ज्यांनी कंपाउंड बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडं. उंच भिंतीच्या आत व्हिलांच्या रांगा, मधे रस्ते, स्विमिंग पूल, जिम, टेनिस कोर्ट, लहान मुलांची खेळायची जागा, छोटं किराणा दुकान, कुठे कुठे नर्सरी आणि एखादं रेस्टॉरंट. व्हिला फर्निचरसकट मिळतो, वीज-पाणी-मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतं. पुण्या-मुंबईतली मोठी गेटेड सोसायटी डोळ्यासमोर आणू नका, कारण इथलं गेट हा वेगळाच प्रकार आहे. बाहेर सिमेंटचे मोठे ठोकळे अशा वाकड्या रांगेत ठेवलेले असतात की गाडी वेगात येऊच शकत नाही, मग पहिला बॅरियर, तिथे गाडीखाली आरसा फिरवून बघतात, डिकी उघडायला लावतात, मग दुसरं गेट. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो. हे सगळं २००३ नंतर कडक झालं, त्या वर्षी १२ मे रोजी रियाधमधल्या तीन कंपाउंडवर हल्ले झाले होते आणि नोव्हेंबरमध्ये मुहाया कंपाउंडवर, जिथे जास्त करून अरब कुटुंबंच राहत होती. आजचं रियाध त्यापेक्षा फार बदललंय, पण गेटची पद्धत तशीच राहिली. मुलांना दोन दिवसांत सवय होते, मोठ्यांना जरा जास्त लागतात.

आता मुद्द्याचं. कंपाउंडमध्ये आपण जे भाडं देतो ते खरं तर दाराच्या बाहेरच्या जागेचं असतं. चार भिंती बाहेरच्या फ्लॅटच्याही तितक्याच चांगल्या मिळतात, कधी कधी मोठ्याच मिळतात. म्हणून घर निवडायला जाताना जी व्यक्ती दिवसभर तिथे असणार आहे तिने बघितलं पाहिजे, आणि बेडरूम किती मोठी, सोफा कसला हे शेवटी बघायचं. आमच्या ओळखीत बऱ्याच घरी नवरा आधी आला, ऑफिसपासून किती मिनिटं आणि पूल कसा दिसतो एवढं बघून सही केली, आणि बायको मुलं घेऊन आल्यावर कळलं की शाळेची बसच येत नाही. हे टाळता येतं. व्हिडिओ कॉलवर का होईना पण स्वतः बघा, आणि व्हिलाच्या आत दहा मिनिटं आणि बाहेर अर्धा तास फिरवायला सांगा.

शोधायला सुरुवात कुठून करायची तर सरळ कंपाउंडच्या लीजिंग ऑफिसला फोन. ब्रोकरची गरजच नसते, बहुतेक कंपाउंड स्वतःच भाड्याने देतात. ब्रोकर घेतलाच तर त्याच्याकडे फाल लायसन्स आहे का ते विचारा, इथे रिअल इस्टेट ऑथॉरिटीचं ते लायसन्स लागतं, आणि कमिशन वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात, अमुक फॅमिली चाललीय, व्हिला टेकओव्हर करा, होल्डिंगसाठी थोडे पैसे पाठवा. कोणाच्या पर्सनल खात्यात एक रियालसुद्धा पाठवू नका. व्हिला खरंच रिकामा होतोय का ते ऑफिसलाच विचारायचं, ते सांगतात.

फोनवर काय होतं हे पण सांगते, कारण याची तयारी मनाने असलेली बरी. काही ठिकाणी पहिला प्रश्न देश कुठला, दुसरा कंपनी कुठली, आणि मग कळतं की जागा आहे की नाही. एका ठिकाणी आमच्या कंपनीतल्या युरोपियन सहकाऱ्याला त्याच आठवड्यात व्हिला दाखवला आणि आम्हाला वेटिंग लिस्ट सांगितली. मला याचा फार राग आला आणि अजूनही येतो, पैसे तेच, कंपनी तीच, मुलं तीच आणि वागणूक मात्र पासपोर्ट बघून. यावर आपल्या हातात एकच गोष्ट आहे, एचआरला सांगून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्यायचं, पद, बजेट, फॅमिली किती जण, कधीपासून हवंय, आणि ते पत्र कंपनीच्या ईमेलवरूनच जायला हवं. त्या पत्रानंतर उत्तरं बदलतात. आम्ही जिथे राहतो तिथे मात्र पहिल्या फोनपासून नीट वागले, भारतीय, पाकिस्तानी, इजिप्शियन, जॉर्डनी, फिलिपिनो, ब्रिटिश, साउथ आफ्रिकन सगळे आहेत, आणि हे कंपाउंड निवडण्याचं ते एक मोठं कारण.

वेटिंग लिस्ट मात्र बऱ्याच ठिकाणी खरीच असते. २०२१ च्या फेब्रुवारीत सौदी सरकारने जाहीर केलं की ज्या परदेशी कंपनीचं रीजनल हेडक्वार्टर इथे नाही तिला सरकारी कामं मिळणार नाहीत, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते लागू झालं. त्यामुळे दुबईत बसलेल्या कितीतरी कंपन्यांनी माणसं इकडे हलवली, त्यात एक्स्पो २०३० हे जागतिक प्रदर्शन आणि २०३४ चा फुटबॉल वर्ल्ड कप, म्हणजे प्रोजेक्टवाले सगळे रियाधलाच. कंपाउंड काही एका वर्षात उभे राहत नाहीत. म्हणून ऑफर लेटरवर सही झाली की त्याच आठवड्यात चार-पाच ठिकाणी नाव नोंदवून ठेवा, नाव नोंदवायला आमच्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत.

पैशाचं सांगते. आम्हाला दोन आणि तीन बेडरूमसाठी जे आकडे मिळाले ते वर्षाला दीड लाख रियालपासून तीन लाखांच्या पुढेपर्यंत होते, पूल-जिम सगळीकडे सारखंच दिसतं पण नाव आणि जागा बदलली की आकडा बदलतो. कंपाउंडच्या बाहेर, मलाझ या रियाधच्या भागात, दोन बेडरूमचा चांगला फ्लॅट आम्हाला पन्नास हजारांच्या आसपास सांगितला होता. म्हणजे फरक केवढा ते बघा. रियालचा भाव डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे, त्यामुळे रुपयात हिशोब करताना फक्त आपला रुपया कुठे जातोय ते बघायचं. हाऊसिंग अलाउन्स इथे बऱ्याच कंपन्या बेसिकच्या पंचवीस टक्के देतात आणि तेवढ्यात कंपाउंड बसत नाही, हे नोकरी स्वीकारायच्या आधी बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. दुसरं, भाडं महिन्याला द्यायची पद्धत आपल्यासारखी नाही, सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं आगाऊ मागतात, आणि इतकी रक्कम नवीन आलेल्या माणसाकडे कुठून असणार, तेव्हा कंपनीने परस्पर भरावं किंवा अलाउन्सचा अ‍ॅडव्हान्स द्यावा हे ऑफरमध्येच लिहून घ्यायचं. डिपेंडंट फीबद्दल पण विचारा. बायको आणि प्रत्येक मुलामागे महिन्याला ४०० रियाल सरकारला जातात, आमचे तिघांचे वर्षाला १४,४०० होतात, कंपनी भरत नसेल तर घराच्या बजेटमधूनच जाणार ना ते.

करार इजार नावाच्या सरकारी प्लॅटफॉर्मवर नोंदवला जातो. आपल्या नावाने करायचा तर इकामा, म्हणजे इथलं राहण्याचं परमिट, हातात लागतो, म्हणून सुरुवातीचे दिवस हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये जातातच आणि म्हणूनच नवरा आधी येतो. करार कंपनीच्या नावावर आहे की आपल्या, हे फार महत्त्वाचं आहे. कंपनीच्या नावावर असेल तर नोकरी गेली की घर गेलं, मुलांचं शाळेचं वर्ष अर्धं असलं तरी. आपल्या नावावर असेल तर मधेच देश सोडावा लागला तर उरलेल्या महिन्यांच्या भाड्याचं काय हे एका वाक्यात स्पष्ट लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं, कंपनीने बदली केली किंवा नोकरी संपली तर दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल असं. ऑफिसवाल्याने थोडी कुरकुर केली पण मॅनेजरने मान्य केलं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एक चांगली गोष्ट नवीन झालीय. २५ सप्टेंबर २०२५ पासून रियाध शहराच्या हद्दीत पाच वर्षं भाडं वाढवायचं नाही असा नियम आलाय, आणि आधी भाड्याने दिलेलं घर रिकामं झालं तर पुढच्या भाडेकरूलाही शेवटच्या नोंदलेल्या कराराचंच भाडं लावायचं. म्हणून व्हिला पसंत पडला की सरळ विचारा, या युनिटचा इजारवरचा मागचा करार कितीचा होता. आमच्या शेजारच्या इजिप्शियन बाईंनी हा प्रश्न विचारला आणि ऑफिसने सांगितलेला भाड्याचा आकडा खाली आला, माझ्यासमोरची गोष्ट आहे. त्याच वेळी सर्व्हिस चार्ज, क्लब फी, दुसऱ्या गाडीचं पार्किंग असलं काही वेगळं लावणार आहेत का तेही विचारून घ्या.

आता शाळा. एक स्टार इथे कापलाय.

कंपाउंडच्या जाहिरातीत स्कूल बस असं लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. ती बस बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकन शाळांना जाते. आपली मुलं जातात इंडियन स्कूलला, १९८२ पासूनची इंटरनॅशनल इंडियन स्कूल किंवा दुसऱ्या सीबीएसई शाळा, आणि त्या रूटवर कंपाउंडची बस नसते. आम्हाला ऑफिसात येस येस मॅडम ट्रान्सपोर्ट अव्हेलेबल असं सांगितलं, शाळेचं नाव घेऊन विचारल्यावरही येस म्हणाले, आणि राहायला आल्यावर कळलं की बस आहे पण त्या शाळेसाठी नाही. हे मला फार चुकीचं वाटलं, कारण आईवडिलांनी शाळेचं नाव सांगून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं द्यायचं नसतं. तर तुम्ही काय करा, बसचं टाइमटेबल कागदावर मागा ज्यावर शाळांची नावं असतात. कागद नसेल तर बस नाही असं समजा.

मग आपली सोय आपण करायची, म्हणजे प्रायव्हेट व्हॅन. केरळचे एक काका आहेत, वीसेक वर्षं रियाधमध्ये व्हॅन चालवतायत, आपल्या भागातली सात-आठ मुलं घेतात, अगदी वेळेवर आणि मुलांशी फार प्रेमाने वागतात. पण व्हॅन आत सोडत नाहीत. परमिट नसलेली गाडी दुसऱ्या गेटच्या आत येतच नाही, त्यामुळे मुलांना घेऊन सकाळी सहाच्या आत मेन गेटला उभं राहायचं. आमची लाईन, म्हणजे व्हिलांची रांग, मागची, चालत सात-आठ मिनिटं, पाठीवर दप्तर, धाकटा अर्धवट झोपेत. जानेवारीत कडाक्याची थंडी असते इथे, लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे गरमच, पण सकाळी स्वेटर-टोपी लागते. आणि मे-जूनमध्ये त्या वेळेलासुद्धा हवा गरम लागते. गेटवर नेपाळचे एक गार्ड भाऊ आहेत, त्यांनी हे बघून आपल्या केबिनच्या सावलीत एक बाक आणून ठेवला आणि आता मुलं त्यावर बसून व्हॅनची वाट बघतात, रोज त्यांना नमस्ते अंकल म्हणतात. मॅनेजमेंटला आम्ही भारतीय आणि पाकिस्तानी आया मिळून पत्र दिलं की शाळेच्या व्हॅनला सकाळी आणि दुपारी ठराविक वेळेचं परमिट द्या, ड्रायव्हरच्या इकाम्याची कॉपी घ्या, गाडीचे पेपर घ्या. दुपारच्या वेळेचं परमिट मिळालं, सकाळचं अजून नाही. दुपारचं मिळालं हेही खूप, कारण उन्हाळ्यात दीड-दोन वाजता पंचेचाळीस डिग्रीत ते अंतर लहान मुलाला चालवणं शक्यच नाही.

आणखी एक, इंडियन स्कूलमध्ये मोठ्या वर्गांना मुलगे आणि मुली वेगळ्या विभागात जातात. आज दोघं एका व्हॅनमधून जातायत म्हणून पुढेही जातील असं धरून चालू नका, घर बघताना दोन्ही विभागांचं अंतर मॅपवर सकाळच्या ट्रॅफिकच्या वेळेला टाकून बघा. रियाधचं ट्रॅफिक म्हणजे रात्री पंधरा मिनिटांचा रस्ता सकाळी तासावर जातो.

हे एवढं सोसूनही आम्ही इथेच का राहतोय तर संध्याकाळ. अस्राची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली, ऊन उतरलं की मुलं दार ढकलून बाहेर. सायकली, स्कूटर, फुटबॉल. आत गाड्यांना वेग फारच कमी ठेवावा लागतो, दर थोड्या अंतरावर स्पीड ब्रेकर. माझी मुलगी आपली आपण जॉर्डनच्या मैत्रिणीच्या घरी जाते, तिथून तिची आई मला मेसेज करते की पोचली. उन्हाळ्यात हेच सगळं रात्री आठनंतर चालतं, दहा वाजता पण खेळायच्या जागेत ही गर्दी, शाळेला सुट्टी असली की अकरा. नाशिकला आमच्या कॉलनीत मी लहानपणी अशी खेळले, माझ्या मुलांना तिथे ते मिळत नव्हतं कारण रस्त्यावर गाड्याच गाड्या, आणि इथे परदेशात मिळालं. घरात नुसतं कार्टून बघत बसणारा माझा मुलगा इथे तीन भाषांतले शब्द मिसळून खेळतो, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत पळतो. यासाठी मी भाडं द्यायला तयार आहे. मलाझच्या फ्लॅटला हे नव्हतं.

पण मलाझला काय होतं तेही लिहायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. तिथे खाली उतरलं की भारतीय हॉटेलं, भाजीवाले, टेलर, डॉक्टर, केरळच्या आणि हैदराबादच्या फॅमिली खच्चून भरलेल्या, मराठी घरंही आहेत, कोणीतरी सतत येत-जात असतं. बथा आणि मुरब्बा हे भागही जवळ. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आपल्याकडे वॉचमन कम केअरटेकर असतो तसा, पाण्याच्या टाकीपासून सिलेंडरपर्यंत सगळं बघतो. ज्यांना अलाउन्स कमी आहे किंवा मुलं अजून फार लहान आहेत किंवा कॉलेजला भारतातच आहेत, त्यांनी कंपाउंडसाठी जीव टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात मलाझला राहून वर्षाला दोनदा मुंबईची तिकिटं काढता येतात, विमान थेट आहे, साधारण चार तास. खेळायच्या वयाची मुलं असतील तर मात्र विचार कंपाउंडचा करा. बाहेर मोठे सौदी पद्धतीचे व्हिला पण मिळतात, पुरुषांची मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, वेगळी, बायकांची वेगळी, दारं वेगळी, पण भिंती उंच आणि मुलांना शेजार नाही, आम्ही एक बघून सोडून दिला.

बायकांचं दिवसभराचं आयुष्य यावर कोणी लिहीत नाही. पूर्वी कंपाउंडचं आकर्षण असं होतं की आत अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, लागत नाही आणि बाईला आत गाडी चालवता येते. २४ जून २०१८ पासून बायका शहरात सगळीकडे गाडी चालवतात, आणि अबायाचीही सक्ती उरलेली नाही, मी बाहेर साधा लांब कुर्ता घालून जाते. १ डिसेंबर २०२४ पासून मेट्रो सुरू झाली, सहा लाईन, दोन तासांचं तिकीट ४ रियाल, पर्पल लाईन आमच्या बाजूने जाते. अडचण एवढीच की कंपाउंडपासून स्टेशनपर्यंत चालत जायचे दिवस वर्षात मोजके, टॅक्सी लागतेच. त्यामुळे मेट्रो जवळ या जाहिरातीला भुलू नका, दुपारी चालत जाऊन बघा. कंपाउंडची शॉपिंग बस आहे, ठराविक दिवशी मॉल आणि हायपरमार्केटला नेते, सुरुवातीला माझ्या ओळखी त्या बसमध्येच झाल्या. मिरजेची एक ताई तिथेच भेटल्या, माझ्या पिशवीतलं पोह्याचं पाकीट बघून मराठी का म्हणाल्या, आणि तेव्हापासून दर गुरुवारी चहा त्यांच्याकडे किंवा माझ्याकडे. पहिले महिने फार एकटं वाटतं, नोकरी सोडून आलेल्या बाईला तर जास्तच. कंपाउंड निवडताना क्लब हाऊसमध्ये सकाळी काय चालतं, बायकांचे ग्रुप आहेत का, कोणाला मराठी-हिंदी येतं का, हे विचारणं पूलच्या लांबीपेक्षा उपयोगाचं आहे.

किचनकडे वळते. बहुतेक कंपाउंडमध्ये सिलेंडर ठेवू देत नाहीत, काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते. भाकरी फुगवायला आच नाही, वांगं भाजायला आच नाही. मी पापड भाजायची तारेची जाळी आणली, शेगडी फुल करून जाळी वर ठेवायची आणि भाकरी पाण्याच्या बाजूने आधी तव्यावर पूर्ण कोरडी करून घ्यायची, मग जाळीवर फुगते, ज्वारीची जरा कमी, बाजरीची बरी. वांगं ओव्हनच्या ग्रिलवर. एक्झॉस्टची हवा बाहेर जाते की नुसती गाळून परत आतच येते हे बघा, आमची आतच येते, त्यामुळे ठेचा करायचा दिवस म्हणजे सगळी दारं उघडायची. येताना सामान आणायचं ते फर्निचर आणू नका, व्हिल्यात सगळं असतं, आपलं प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, मिक्सर एवढंच आणा. आणि खसखस अजिबात आणू नका, दिवाळीच्या अनारशांसाठी म्हणून सुद्धा नाही, इथे तिच्यावर बंदी आहे आणि एअरपोर्टवर मोठी अडचण होऊ शकते. आईला, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, कारण मसाल्याच्या डब्यात त्या प्रेमाने पुडी घालतात.

मेंटेनन्स या बाबतीत आमचं कंपाउंड खरंच चांगलं. फोन केला की त्याच दिवशी माणूस येतो. पहिल्या जूनमध्ये एसीचं पाणी बेडरूमच्या भिंतीतून उतरायला लागलं, दोनदा येऊन गेले तरी थांबेना, तिसऱ्यांदा सुपरवायझर स्वतः आला, ड्रेन पाइप वाळूने पूर्ण भरला होता, तो बदलला आणि भिंत रंगवून दिली. वाळूचं वादळ येऊन गेलं की फिल्टर काढून धुवायचे हे त्यानेच शिकवलं. वीज भाड्यात आहे की मीटर वेगळा हे आधी विचारा. वेगळा असेल तर युनिटला १८ हलाला (शंभर हलालांचा एक रियाल), महिन्याला ६००० युनिटच्या वर गेलं की ३० हलाला, आणि उन्हाळ्यात मोठ्या व्हिल्यात चोवीस तास एसी चालतात. जनरेटर कुठे आहे तेही बघून ठेवा, पहिल्या लाईनला त्याचा आवाज येतो.

आत राहायला जाताना इन्व्हेंटरीची यादी देतात. आमची यादी तर पार चहाच्या चमच्यांपर्यंत होती, सहा चमचे, सहा काटे, दोन झाडू, पडद्याचे हूक. कंटाळा येतो पण एक एक वस्तू बघून, सोफ्यावरचे जुने डाग, टाइल्सचे तडे, मॅट्रेस उलटी करून तिचा फोटो, सगळं काढून त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करा. डिपॉझिट परत घेताना हेच कामाला येतं. मिरजेच्या ताईंनी आधीचं कंपाउंड सोडलं तेव्हा मॅट्रेसवरच्या डागाचे पैसे कापायला निघाले होते, त्यांनी आल्या दिवसाचा फोटो दाखवला आणि विषय संपला.

सणवाराचं बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात. घरात खासगीत पूजा करायला आम्हाला कधी अडचण आली नाही, सार्वजनिक काही करायचं नाही एवढं पाळायचं. गणपती दीड दिवसाचा, शाडूची छोटी मूर्ती मी घरीच करते, आरती दार लावून, विसर्जन बादलीत आणि ती माती कुंडीत. पाहुणे बोलवायचे तर नावं, इकामा नंबर आणि गाडीचा नंबर आदल्या दिवशी गेटवर द्यावे लागतात. ऐनवेळी कोणी सहज आलंय असं इथे होत नाही, आणि मराठी माणसाला हे फार जड जातं. दिवाळीला दहा घरं बोलवली होती, यादी आधी दिली तरी एका गाडीचा नंबर चुकला आणि त्या फॅमिलीला गेटवर बराच वेळ थांबावं लागलं. जेवण मागवलं तरी डिलिव्हरीवाला गेटलाच थांबतो, आपणच जाऊन आणायचं.

आमचं रिन्यूअल जवळ आलंय आणि आम्ही राहतोय. ऑफिसला अर्ज दिलाय की गेटजवळच्या दुसऱ्या लाईनमधला व्हिला रिकामा झाला की आम्हाला द्या, म्हणजे सकाळचं व्हॅनचं चालणं दोन मिनिटांवर येईल. त्या लाईनमधली एक साउथ आफ्रिकन फॅमिली शाळा संपली की जूनमध्ये चाललीय असं कळलंय. आणि आमचा हा मागच्या लाईनचा व्हिला तेव्हा मोकळा होईल, तीन बेडरूम, खेळायची जागा अगदी समोर, ज्यांची मुलं अजून इंडियन स्कूलला जायच्या वयाची नाहीत त्यांना छान आहे.